कठड्यावरचं जाळं

"काहीही झालं तरी सॉरी म्हणायचं नाही," असं कॅरिननं फोनवर बजावलं आणि नेमका तेव्हाच मार्लिसच्या हातातला कप सिंकच्या कडेला आपटला. कप फुटला नाही. पण मार्लिस त्या कपाला म्हणाली, "सॉरी."

"आई! हेच. हेच सांगतेय मी."

"अगं, कपाला म्हटलं."

"आज कपाला म्हणशील, उद्या त्या मुलीच्या बापाला म्हणशील. तू सॉरी म्हणालीस की त्यांचा वकील म्हणणार, बघा, बाईंनी चूक कबूल केली. हॉस्पिटलात जायचं नाही. फुलं नाहीत, कार्ड नाही, खाऊ नाही. विम्याचा माणूस विचारेल तेवढ्याचंच उत्तर द्यायचं. आणि अडचणीचं काही विचारलं तर काय म्हणायचं?"

"आठवत नाही."

"शाबास," कॅरिन म्हणाली, आणि तिनं फोन ठेवला.

मुलीनं आईला शाबासकी द्यायची वेळ आली म्हणजे आपलं वय झालं, असं मार्लिसच्या मनात आलं. कॅरिन मिनिआपोलिसला एका वकिलाच्या कचेरीत कामाला होती. उंटावरून शेळ्या हाकायला तिचं काय जात होतं? आणि इथल्या, दे मॉइनच्या माणसाला सॉरी म्हणू नकोस म्हणणं म्हणजे शिंकू नकोस म्हणण्यासारखंच. दुकानात दुसऱ्याची ढकलगाडी आपल्या पायावर आली तरी इथे आपणच सॉरी म्हणतो. पण मुलगी खोटं बोलत नव्हती, हेही मार्लिसला कळत होतं. तिला मुलीचा राग आला नव्हता. तिला भीती वाटत होती. गुरुवार संध्याकाळपासून वाटत होती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पोर्चची डावी बाजू दिसायची, म्हणून तिनं खिडकीचा पडदा ओढून घेतला होता. तरीही सिंकपाशी उभं राहिलं की मान आपोआप तिकडेच वळायची आणि ती पडद्यावरची छापील लिंबं बघत राहायची. दुपारी विम्याचा माणूस फोन करणार होता.

गुरुवारपासून तिच्या कानात एक आवाज होता. किंकाळी नव्हती ती. मुलगी ओरडलीच नव्हती, आणि तेच मार्लिसला सहन होत नव्हतं. आधी कुजकं लाकूड तुटल्याचा आवाज, फारसा मोठाही नाही, मग मुलीनं अंगात घातलेलं पुठ्ठ्याचं खोकं खाली विटांवर चेपल्याचा, आणि मग काही नाही. त्या काही नाहीमध्ये ती हातात चॉकलेटांचं भांडं धरून उभी होती. आधी भांडं खाली ठेवावं की आधी पायऱ्या उतराव्यात, हे तिला ठरवता येईना. इतकी साधी गोष्ट. नंतर कितीतरी वेळा तिनं मनातल्या मनात भांडं फेकून दिलं आणि ती धावली. प्रत्यक्षात तिनं ते नीट टेबलावर ठेवलं होतं, त्यावर झाकणही घातलं होतं बहुधा. खाली फुलझाडांच्या वाफ्याला विटांची कड होती, तिच्या नवऱ्यानं, लाइलनंच लावलेली, तिरप्या विटा, दातांसारख्या वर आलेल्या. मुलीचा उजवा हात त्यांच्यावर होता आणि खोक्याच्या भोकातून तो जसा बाहेर यायला हवा तसा येत नव्हता. ती मार्लिसकडे बघत होती, डोळे टक्क उघडे. "मी मशीन मोडलं," असं काहीतरी ती म्हणाली. मग शेजारच्या घराकडून तिचा बाप धावत आला, काखेत एक लहान पोर, वाघाच्या वेषातलं, आणि ते वाघाचं पोर मात्र जिवाच्या आकांतानं रडत होतं.

दे मॉइनमध्ये पोरं हॅलोवीनच्या आदल्या संध्याकाळीच वेष करून चॉकलेटं मागत दारोदार फिरतात. भिकाऱ्यांची रात्र म्हणतात तिला, पण इथला भिकारी फुकट घेत नाही. आधी विनोद सांगायचा, मग चॉकलेट. बाकी देशभर पोरं नुसती पिशवी पुढे करतात हे मार्लिसला फार दळभद्री वाटायचं. ती स्वतः या बाबतीत कडक होती. नोकरीभर तिनं गाडीच्या लायसन्सच्या परीक्षा घेतल्या होत्या. शेजारच्या सीटवर गुण लिहायची फळी मांडीवर धरून बसायची आणि आरशात न बघता गाडी वळवणाऱ्यांना घरी पाठवायची. "दिसलं नाही हो बाई," असं कुणी म्हणालं की ती म्हणायची, "दिसलं नाही म्हणजे पाहिलं नाही." तोच खाक्या तिनं दाराशीही ठेवला होता. शिळा विनोद आला की ती मान हलवायची आणि म्हणायची, "हा मी तुझ्या बापाकडून ऐकलाय. दुसरा आण." पोरं घाबरायची नाहीत, उलट चेकाळायची. गल्लीत सांगत सुटायची, त्या ओव्हरगार्डबाईंकडे कठीण पेपर असतो. आणि दाराआड खुर्चीत लाइल बसलेला असायचा आणि प्रत्येक विनोदाला, अगदी गेल्या वर्षीच्या, त्याच्या आदल्या वर्षीच्या विनोदालाही, खो खो हसायचा. मार्लिसनं नापास करायचं आणि लाइलनं पास करायचं, असा संसार. लाइल गेला त्या वर्षी तिनं पोर्चचा दिवा लावलाच नाही. दिवा बंद म्हणजे पोरांनी पुढचं घर बघायचं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पुढच्या वर्षीही लावला नाही. यंदा लावला. का लावला ते तिला सांगता आलं नसतं. समोरचा ड्युएन दुसऱ्या दिवशी अंगणातली पानं गोळा करायचं निमित्त करून आला, मोडलेल्या कठड्याकडे बघून चुकचुकला आणि म्हणाला, "दिवा लावला म्हणजे आमंत्रण दिलं, मार्लिस. कायद्यानं. बोलावून आणलेल्या माणसाला जपावं लागतं. चोर पडला असता तर गोष्ट वेगळी."

"चोर पडला असता तर मी निवांत झोपले असते, असंच ना?"

"मी आपलं वाचलेलं सांगतोय बाई. मी तर बादली भरून पायरीवर ठेवतो आणि आत बसतो. घ्या न् जा. विनोद नको, भानगड नको."

"तुझ्याकडे विनोद ऐकायला कुणी राहत नाही, ड्युएन, म्हणून बादली," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिच्या लक्षात आलं की तिच्याकडेही राहत नाही. ड्युएननं पानं गोळा केली नाहीत. तो गेला.

कठड्याचं तिला माहीत होतं. हे वाक्य ती मनातल्या मनातही पुरतं उच्चारत नव्हती. त्याच्या आसपास फिरायची आणि बाजूला व्हायची. पायऱ्यांच्या डाव्या कठड्याचा खांब बुडाशी कुजला होता. लाइल होता तेव्हा तो दर उन्हाळ्यात तिथे लाकडाची पाचर ठोकायचा आणि "या वर्षापुरतं झालं," म्हणायचा. लाइलनंतर पाचर ठोकायला कुणी नव्हतं. ती स्वतः उजव्या कठड्याला धरून उतरायची, डाव्याला हातही लावायची नाही, ही सवय इतकी मुरली होती की ती सवय आहे हेसुद्धा ती विसरली होती. वसंतात विमा कंपनीचा एक माणूस घर बघून गेला, आणि मग कंपनीतून एका मुलीचा फोन आला. फार गोड आवाज होता. कठडा दुरुस्त करून घ्या, नाहीतर घराचा विमा चालू ठेवता येणार नाही. मार्लिसनं खांबाला तार गुंडाळली, चांगली घट्ट, पक्कडीनं पीळ देऊन. महिन्यानं त्या मुलीचा पुन्हा फोन आला, "झालं का काम?" आणि मार्लिस म्हणाली, "झालं." तिच्या मते झालंच होतं. निदान त्या क्षणी तिच्या मते तसं होतं. ज्या बाईनं अर्ध्या गावाला आरशात न बघितल्याबद्दल घरी पाठवलं, तिनं तारेला दुरुस्ती म्हटलं. आता 'मला माहीत होतं' असं ती म्हणाली असती तर कंपनी अंग काढून घेणार, आणि मग त्या पडलेल्या मुलीच्या हाताचा सगळा खर्च या घरावर येणार. या घराशिवाय मार्लिसकडे दुसरं काही नव्हतं. खाई त्याला खवखवे म्हणतात. तिला बसल्या जागी खवखवत होतं.

आणि त्या तारेवर तिनं जाळं घातलं होतं. सगळ्यात वाईट गोष्ट ही होती, आणि ते का घातलं, हे अजून कुणाला ठाऊक नव्हतं. दुकानात मिळतं ते पांढरं, कापसासारखं, कोळ्याचं खोटं जाळं. तिनं ते ताणून ताणून डाव्या कठड्याला वरपासून खालपर्यंत गुंडाळलं, मध्ये दोन काळे रबरी कोळी अडकवले. शोभेसाठी, असं कुणी विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. पण जाळं ताणताना तिच्या मनात एक स्पष्ट विचार होता: याला कोण हात लावणार? किळस येईल पोरांना, ती उजवीकडूनच चढतील. तिला तो विचार हुशारीचा वाटला होता. स्वतःवर ती खूश झाली होती. म्हणजे कठडा धोक्याचा आहे हे जगाला सांगण्याऐवजी तिनं तो धोका सजवून ठेवला होता. आणि कॅरिननं सांगितलं होतं की मोडलंय तसंच राहू दे, कंपनीचे फोटो होईपर्यंत हात लावू नकोस, त्यामुळे ते जाळं अजून तिथेच लोंबत होतं. एक कोळी गळून पडला होता. दुसरा वाऱ्यावर हलत होता.

फोन आला तेव्हा ती स्वयंपाकघरात खुर्चीवर ताठ बसली होती. केस विंचरले होते. फोनवर बोलायला केस कशाला विंचरले, हे तिचं तिलाच कळलं नाही. माणसाचं नाव प्रुइट. आवाज तरुण, मऊ, दातांच्या डॉक्टरांसारखा, आता जरा दुखेल म्हणणारा. संभाषण रेकॉर्ड होतंय, चालेल ना? चालेल. मग नाव, पत्ता, पायऱ्या लाकडी का, दिवा चालू होता का. चालू होता. पाऊस? नव्हता.

"मुलीनं वेष काय केला होता, मिसेस ओव्हरगार्ड?"

"कपडे धुण्याचं मशीन."

"काय?"

"खोकं होतं. पांढरं रंगवलेलं. पोटावर गोल झाकण, प्लॅस्टिकचं, आणि आत खरे मोजे डकवलेले. डोक्यावर साबणाचा डबा."

प्रुइट हसला. माणूस होता बिचारा. "छान. म्हणजे खोकं केवढं? गुडघ्यापर्यंत?"

"त्याच्याही खाली."

"मग तिला स्वतःचे पाय दिसत नसणार."

खोक्याच्या वरच्या कडेतून डोकावणारी ती हनुवटी मार्लिसला दिसली. पाय दिसत नव्हतेच. पायऱ्या चढताना मुलगी एकेक पायरी बुटाच्या टोकानं चाचपत आली होती, फार जपून. मार्लिसच्या मनात तेव्हाच आलं होतं की ही पोरगी परीक्षेला बसली तर पहिल्या फेरीत पास होईल.

"नसतील दिसत," ती म्हणाली.

"बरोबर. आणि हात खोक्याच्या भोकांत अडकलेले, म्हणजे पडताना टेकवता आले नाहीत. आणि मोठं माणूस सोबत नव्हतं."

"बाप शेजारच्या घरी होता. धाकट्याला घेऊन."

"म्हणजे सोबत नव्हता." तो खोटं बोलायला सांगत नव्हता. तो एकेक खरी गोष्ट उचलून तिच्यापुढे ठेवत होता, आणि त्या सगळ्या खऱ्या गोष्टी मिळून एक खोटी गोष्ट तयार होत होती, आणि ती फार सुबक होती. "कठड्याविषयी विचारायचं राहिलं. आधी कधी तो हलतोय, कुजलाय, असं तुमच्या लक्षात आलं होतं?"

बाहेर कुणाच्या तरी गाडीचं दार लागलं. फ्रिज गुरगुरत होता. तिला वाटलं, आता आपण खरं बोलणार. खरंच वाटलं. मग तिला आपलाच आवाज ऐकू आला, चांगला स्वच्छ, रेकॉर्ड होण्याजोगा. "आठवत नाही."

"काही हरकत नाही," प्रुइट म्हणाला. "पुरेसं आहे एवढं. उद्या मी एकदा फोन करतो, काही भर घालायची असेल तर सांगा. काळजी करू नका, मिसेस ओव्हरगार्ड. अशा प्रकरणात चूक आईबापांची निघते."

तिनं फोन ठेवला. आता हलकं वाटायला हवं होतं. कॅरिनला कळवायला हवं होतं, झालं बाई, तुझ्या मनासारखं. त्याऐवजी तिला ती मुलगी दिसत होती. पडलेली नव्हे, त्याच्या आधीची. पायरी चाचपत वर येऊन पोर्चवर उभी राहिलेली, दम लागलेली, वेळ संपत आलेली, गल्लीतली बाकी पोरं घरी गेलेली. ही शेवटचीच. "बोल," मार्लिस म्हणाली होती, नेहमीच्या परीक्षेच्या आवाजात. आणि मुलगी अगदी गंभीरपणे म्हणाली, "कपडे धुण्याचं मशीन शाळेत नापास का झालं?" का गं? "कारण त्याच्या डोक्यात सगळं नुसतं फिरत राहतं." विनोद काही फार मोठा नव्हता. पण साबणाचा डबा डोक्यावर घेऊन, भुवया आक्रसून, तिनं तो असा सांगितला की मार्लिस हसली. नुसती हसली नाही, हसत सुटली. पोटातून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. लाइल गेल्यापासून या घरात असा आवाजच झाला नव्हता. त्या आवाजानं ती स्वतःच दचकली. तिनं मूठभर चॉकलेटं मुलीच्या पिशवीत टाकली, मुलीनं आभार मानले आणि ती जपून, बुटानं अंदाज घेत वळली. उजवीकडेच वळली होती ती. चांगल्या कठड्याकडे. आणि मार्लिस म्हणाली, "थांब, थांब. आणखी एक."

"माझ्याकडे एकच आहे," मुलगी म्हणाली. "बाबा म्हणाले, एका घरी एकच."

"मला चालेल कसलाही."

मुलीनं विचार केला. मग तिचा चेहरा उजळला. "पिळून दाखवू?" असं म्हणून ती गर्रकन फिरायला लागली, गुरगुरत, थरथरत, पिशवी हवेत, पोटातले मोजे हेलकावत, आणि मार्लिस पुन्हा हसत होती. खोक्याचा कोपरा जाळ्यात शिरला तेव्हाही मार्लिस हसतच होती.

दारावरची घंटा वाजली. ती उठली आणि तिनं दाराच्या काचेतून बघितलं. तो होता. मुलीचा बाप. गुरुवारी अंधारात पाहिलेला माणूस उजेडात लहानखुरा दिसत होता. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. आता कागद हातात देणार, तिला वाटलं. कोर्टाचे कागद असे घरी येऊन हातात देतात, घेतले की संपलं. तिनं त्याच्या हातांकडे पाहिलं. हातात कागद नव्हता, फडक्यानं झाकलेलं ताट होतं. मागे रस्त्याच्या कडेला त्याची गाडी उभी होती आणि मागच्या सीटवर कुणीतरी बसलेलं होतं.

दार उघडू नकोस, असं कॅरिन म्हणाली असती. मार्लिसनं दार उघडलं.

"मी सेनाद. अम्राचा बाबा," तो म्हणाला. "बायकोनं पिटा पाठवलाय, पालक भरून भाजलेला. आमच्यात रिकाम्या हातानं कुणाच्या दारी जात नाहीत." त्यानं ताट पुढे केलं. मार्लिसनं ते घेतलं, कारण पुढे केलेलं ताट घ्यावंच लागतं. ताट गरम होतं.

"कशी आहे?" तिच्या तोंडून गेलं.

"ऑपरेशन झालं. कोपरात सळ्या घातल्यात. दोन बोटं अजून हलत नाहीत. डॉक्टर म्हणतात, बघू." मोडक्या कठड्याकडे, लोंबणाऱ्या जाळ्याकडे त्यानं पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली, दुसऱ्याच्या घरातलं उघडं कपाट दिसल्यासारखी. "मॅडम, मी माफी मागायला आलोय."

"काय?"

"तुमचा कठडा मोडला. मी शनिवारी लाकूड आणून नवा बसवून देतो. पण तुम्ही केस करू नका. कामावरचे लोक म्हणाले, दुसऱ्याच्या घराचं नुकसान झालं की इथे केस होते. आणि मुलीला एकटी सोडली म्हणून वेगळी चौकशी होते. ते खोकं मी केलं. माझीच अक्कल. तिला पाय दिसत नव्हते, हात पुरते बाहेर निघत नव्हते, मी म्हटलं, वा, काय सुंदर झालंय. तिच्या आईनं सांगितलं होतं. नाही ऐकलं."

तो सगळं तिच्या हातात देत होता. प्रुइटनं एकेक करून जे वेचलं होतं, ते हा माणूस आपणहून, ताटासकट, दारात आणून ठेवत होता. तिनं फक्त 'ठीक आहे' म्हणायचं होतं. खोटंही बोलायचं नव्हतं. झाकली मूठ झाकलेलीच राहणार होती, घर राहणार होतं, आणि तो आभार मानून गेला असता. 'ठीक आहे' हे शब्द तिच्या ओठांवर येऊन उभे होते.

"आणि मुलीच्या वतीनंही माफी मागतो," तो पुढे म्हणाला. त्याचा आवाज जरा खाली आला. "तिला सांगून ठेवलं होतं, एका घरी एक विनोद, घ्यायचं आणि निघायचं. रेंगाळली. नाचत होती म्हणे. वर मला सांगते, आजींनीच थांबवलं, आजींनीच आणखी मागितलं. मी म्हटलं, पडलीस तर पडलीस, पण म्हाताऱ्या बाईवर ढकलू नकोस. आमच्या घरात खोटारडं कुणी नाही. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. हॉस्पिटलात भिंतीकडे तोंड करून झोपली. आज म्हटलं, चल, तूच माफी माग. गाडीतून उतरायलाच तयार नाही."

मार्लिसनं गाडीकडे पाहिलं. मुलगी सरळ समोर बघत होती. घराकडे एकदाही नाही. हात गळ्यातल्या झोळीत होता, आणि हनुवटी वर, खोक्याच्या कडेतून काढावी तशी. मार्लिसची भीती होती तशीच होती, कमी झाली नव्हती. पण आता तिला त्या भीतीची लाज वाटली. नऊ-दहा वर्षांची पोर खरं बोलून खोटारडी ठरली होती, आणि आपण खोटं बोलून शाबासकी मिळवली होती.

"ती खोटं बोलत नाही," मार्लिस म्हणाली.

"मॅडम?"

"मीच थांबवलं तिला. ती निघाली होती. मी म्हटलं, आणखी एक." तिनं ताट छातीशी धरलं. "आणि तो कठडा तिनं मोडला नाही. तो कुजलेलाच होता. मला माहीत होतं. वसंतापासून. लाकूड बदला म्हणून मला सांगितलं होतं, मी नुसती तार गुंडाळली आणि वर ते जाळं लावलं."

सेनाद आभार मानेल असं तिला वाटलं नव्हतं, पण त्याच्या चेहऱ्यावर जे आलं तेही तिला अपेक्षित नव्हतं. राग होता, पण तो तिच्यापाशी थांबला नाही, तिच्यातून आरपार जाऊन कुठेतरी त्याच्यावरच परत फिरला. त्यानं वळून जाळ्याकडे पाहिलं, यावेळी नीट, मग वाकून खांबाचं बूड चाचपलं. लाकूड त्याच्या बोटांत भुगा होऊन आलं. तारेचं टोक त्यानं हातात धरलं आणि सोडून दिलं.

"मी तिला खोटारडी म्हटलं," तो म्हणाला. "भूल उतरत होती तिची. तेव्हा म्हटलं."

"मी उद्या विम्याच्या माणसाला सांगते. तुम्ही वकील बघा. मी खरं तेच—"

"वकिलाचं नंतर बघू," तो एकदम मोठ्यानं म्हणाला. "मला नका सांगू. तिला सांगा."

तिनं ताट खाली ठेवलं आणि ती पायऱ्या उतरली. कोट घातला नव्हता, वारा बोचत होता. अंगणातून गाडीपर्यंतचं अंतर ती रोज टपालपेटीकडे जाताना चालायची, आज ते संपेना. सेनाद मागून येत होता. त्यानं काचेवर टकटक केलं, आपल्या भाषेत काहीतरी म्हणाला, मऊ, जवळजवळ विनवणीचं. काच खाली आली. जवळून मुलगी फार लहान दिसत होती. झोळीतून बाहेर आलेली बोटं सुजलेली, पिवळट होती, आणि त्यांतली दोन जागच्या जागी पडून होती.

"अम्रा," मार्लिस म्हणाली, "तू तुझ्या बाबांना सांगितलंस ते खरं होतं. मी तुला थांबवलं. आणि तो कठडा कुजलाय हे मला आधीपासून माहीत होतं. तुझी काहीच चूक नव्हती. माझी होती."

मुलीनं बापाकडे पाहिलं. बापानं मान खाली घातली. मग तिनं मार्लिसकडे पाहिलं, भुवया आक्रसून, अगदी गंभीरपणे.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली, "तर मला तिथे थांबवलं कशाला?"

हे प्रुइटनं विचारलं नव्हतं. कॅरिननं यावर काही शिकवलं नव्हतं. मार्लिसनं गाडीच्या दाराला हात टेकला. उत्तर तिला ठाऊक होतं, आणि ते इतकं क्षुल्लक होतं की एवढ्याशासाठी कुणाच्या पोराचा हात मोडला हे सांगायची तिला शरम वाटत होती. पण मुलगी वाट बघत होती.

"तू लगेच जाऊ नयेस म्हणून," मार्लिस म्हणाली.